गळ्यात बांधलेला हात

ताई, तुमी लिहूनच घेताय तर आधी माझा येडेपणा लिहा, शहाणपणाचं मागनं बघू, ते तसंही थोडंच हाय. हा माझा उजवा हात, हा बगा हाच, मी तीन महिने गळ्यात बांधून ठेवला व्हता. मोडला न्हवता, मुरगळला न्हवता, कुठल्या डॉक्टरनं बांध म्हणून सांगितलं न्हवतं. खांदा दुखत व्हता म्हणून आमच्या मालकांच्या जुन्या उपरण्याची मीच झोळी केली, त्यात हात ठेवला आन् सगळ्या आळीतनं मिरवले. कुणी इचारलं, सुभद्राबाई काय झालं, तर मोठ्या तोऱ्यात सांगायची, इसावा देतेय खांद्याला, तीन महिन्यांत बगा कसा बरा व्हतो. आन् तीन महिन्यांनी झोळी सोडली तर हात खाली लोंबला तो लोंबलाच. वर जाईना, मागं जाईना, कानापतूर येईना. बंद घराचं दार बिजागरीत गंजावं तसा माझा खांदा गंजला व्हता, आन् त्याला पाणी मीच घातलं व्हतं.

तुमी वरच्या खोलीत राहायला आल्यापासनं बघतेय, दिवसभर त्या लॅपटॉपपुढं बसता आन् डाव्या हातानं उजवा खांदा दाबत राहता. परवा गच्चीत दोरीवरची चादर काढताना तुमचं तोंड कसं वाकडं झालं ते मी जिन्यातनं बघितलं. म्हणून चहाला बोलावलं. लोकं म्हणतील, म्हातारी भाडेकरूलापण सोडत न्हाई. म्हणू द्या.

आता मला ही अक्कल कुठनं सुचली ते ऐका. माझं माहेर राजगुरुनगरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. वडलांच्या दारात दोन बैलजोड्या व्हत्या. आमच्याकडं भादव्यात पोळा असतो, आन् पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळायचे. म्हणजे काय, तर वर्षभर ज्या खांद्यावर जू वागवलं त्या खांद्याला ऊन पाण्यानं शेकायचं, हळद आन् लोणी कालवून पळसाच्या पानानं चोळायचं, आन् बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ते आवतण द्यायचं काम माझं. मी कधीकधी बैलाच्या कानात दुसरंच सांगायची, की उद्या आईनं पुरणात गूळ कमी घातलाय, जपून खा. वडील इचारायचे, काय गं येवढं लांबलचक आवतण देतीस? मी म्हणायची, त्यांना नीट समजावून सांगावं लागतं, माणसं न्हाईत ती.

तर त्या घरात मी येक गोष्ट शिकले. नांगराच्या दिसांत येखाद्या बैलाचा खांदा यायचा, म्हणजे जू घासून घासून सुजायचा, कातडं सोलवटायचं. मंग वडील त्याला जुंपत न्हवते. शेजाऱ्याचा बैल मागून आणतील, पेरणी चार दिस लांबवतील, पण खांदा आलेला बैल दावणीलाच. पंधरा दिस, महिनाभर नुसता उभा. बरा झाल्याबिगर त्याच्या मानेवर काडीपण ठेवायची न्हाई. हे माझ्या डोक्यात येवढं पक्कं बसलं की पुढं चाळीस वर्सांनी स्वतःचा खांदा दुखला तवा मला डॉक्टर न्हाई आठवला, बैल आठवला.

लगीन होऊन चऱ्होलीत आले. आता तुमी खिडकीतनं बघता ते सगळे टॉवर म्हणजे तवा ज्वारी आन् कांदा. मालक भोसरीच्या येका कंपनीत टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड तासून पार्ट बनवायचे, आन् शिफ्ट सुटली की शेत. मी घर, म्हशी, कांद्याची खुरपणी, आन् दोन म्हशींच्या धारा रोज सकाळ-सांज. येकच लेक आमाला, वैशाली. ती शिकली, चिंचवडला दिली, जावई चाकणला कंपनीत इंजिनेर. माझी विहीण शाळेत बाई व्हती, तीस वर्सं पोरांचे कान धरलेली बाई, चष्म्याच्या वरनं बघती तवा मला अजून वाटतं की माझा गृहपाठ राहिलाय.

दुखणं कधी सुरू झालं ते मला सांगता येत न्हाई. तुमाला येतं का सांगता? बगा, न्हाईच येत. ते चोरपावलानं येतं. त्रेपन्न-चौपन्न वय असंल माझं. आधी फळीवरचा डबा काढताना चमक मारायची, मंग पोलक्याच्या बाहीत हात घालताना, मंग त्या कुशीवर निजता येईना. आपण म्हणतो, असंल, काल वैरणीचा भारा जड झाला असंल. बाम लावला, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, शेजारणीनं सांगितलं म्हणून निरगुडीचा पाला बांधला. जरा बरं वाटायचं, परत तेच. मालक म्हणले, अगं दाखव जा कुणाला. मी म्हणलं, दाखवायला काय तो दागिना हाय?

आन् मंग येक दिस मी गोठ्यात बसून माझे मीच खांदे मळले. हसू नका. ऊन पाणी घेतलं, हळद-लोणी कालवलं, लावलं, आन् म्हणलं सुभद्रे, तुझा खांदा आलाय, आता तुला जुंपायचं न्हाई. त्याच दिशी झोळी. धारा काढायला बाई लावली, भाकऱ्या डाव्या हातानं, केस विंचरायला जाऊबाई. मालक बघत राहिले आन् म्हणले, बरं हाय, आता पोळ्याला तुझी शिंगंपण रंगवू.

गंमत अशी ताई, की दुखायचं कमी झालं. खरंच झालं. म्हयना-दीड म्हयन्यात ती आतली ठणक पार मवाळली. मंग तर मला गावाला शहाणपण शिकवायचा परवानाच मिळाला. जी बाई भेटंल तिला, हात दुखतो का, बांध, पाठ दुखती का, निज. दुखणं कमी व्हतंय तेवढं मला दिसत व्हतं आन् हात आखडत चाललाय ते दिसत न्हवतं, कारण हात हलवलाच न्हाई तर कळणार कसं? चाक चाललंच न्हाई तर ते जाम झालंय हे कुणाला कळतं?

त्याच दिसांत वैशूला दिस गेले व्हते. लग्नाला पाच वर्सं झाल्यावर. मला तर काय करू आन् काय नको असं झालेलं. तांब्याचा बंब चिंचेनं घासून घेतला, डिंक आणला, अळीव आणले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला टाकली. आमच्यात पयलं बाळंतपण आईच्या घरी, आन् बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणार आजी. वैशूला माझ्या आईनं न्हाऊ घातलं व्हतं, मला माझ्या आजीनं. मी पाच वर्सं त्या येका अंघोळीची वाट बघत व्हते, खोटं कशाला सांगू. आन् वैशूला मी खांद्याचं अक्षर बोलले न्हवते. फोनवर काय दिसतंय? ती इचारायची, आई बरी हायस का, मी म्हणायची, मला काय धाड भरलीय.

सातव्यात डोहाळजेवण ठेवलं विहीणबाईंनी, चिंचवडच्या त्यांच्या फ्लॅटमधी. मी रिक्षातनं उतरताना झोळी काढून पिशवीत कोंबली. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत वैशू खुर्चीवर बसलेली, भोवती पंचवीस-तीस बायका. पयली ओटी आईनं भरायची. हळदीकुंकू कसंबसं लावलं, कमरेत वाकून, नमस्कार करतेय असं दाखवत. ओटी मांडीवरच भरायची असती, ती भरली. मंग कुणीतरी माझ्या हातात गजरा दिला, की आई, आता हा माळा. वैशूचा अंबाडा उंच बांधलेला. मी हात उचलला. तो कमरेच्या वर थोडा आला आन् थांबला. जसा कुणी दंड धरून ठेवलाय. मी अजून जोर केला तर खांदा सगळाच्या सगळा कानाकडं उचलला, हात तिथंच. बायका बघायला लागल्या. मी काय करावं? गजरा डाव्या हातात घेतला आन् माळायला गेले.

येक म्हातारी चुकचुकली. विहीणबाई चष्म्याच्या वरनं म्हणाल्या, अहो विहीणबाई, डावा हात?

मी म्हणलं, उजव्याला मघाशी पानाचा चुना लागलाय.

त्या म्हणाल्या, दाखवा बघू. हात वर करा.

ताई, पाचवीतल्या पोरासारखी मी उभी, आन् तो हात काय वर व्हईना. कुणी हसलं न्हाई. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. वैशू माझ्याकडं बघत व्हती, आन् तिच्या डोळ्यांत जे व्हतं ते मला अजून नीट सांगता येत न्हाई.

मंग विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं. बाई कडक, पण चारचौघांत बोलली न्हाई येवढं मानावं लागंल. म्हणाल्या, मला तुमचा अपमान करायचा नाही. पण आठ दिवसांचं बाळ तेल लावल्यावर हातातून निसटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि हात अधू आहे याचं मला तेवढं काही वाटत नाही, तुम्ही लपवलंत याचं वाटतं. मी म्हणलं, मी दोन म्हयन्यांत बरा करून दाखवते. त्या म्हणाल्या, दाखवा. नववा लागला की मी स्वतः वैशालीला घेऊन चऱ्होलीला येते. माझ्यासमोर उजव्या हातानं तिच्या केसात गजरा माळा. माळलात तर तिला तिथं ठेवून येईन, नाही तर आमची गाडी तशीच परत फिरेल आणि बाळंतपण इथं होईल.

घरी येताना मी रिक्षात रडले. मालक म्हणले, रडून खांदा सुटत आसता तर लई बायका बऱ्या झाल्या असत्या, उद्या डॉक्टरकडं चल.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड धड. रक्त तपासलं तर साखर निघाली. मी म्हणलं, खांद्याचा आन् साखरेचा काय संबंध, मी काय खांद्यानं जिलबी खाते? ते म्हणले, साखरवाल्यांचा खांदा असा आखडायचं प्रमाण जास्त असतं, साखर आटोक्यात आणा, गोळी घ्या, आन् व्यायामाला जा. तुमी पण साखर तपासून घ्या ताई, वय लहान असलं म्हणून काय झालं.

व्यायामवाली डॉक्टरीण दिघीला बसायची. बारीकशी पोरगी, लातूरकडची, बोलणं असं, मावशी काय करायलाव, मावशी इकडं बघा की. तिनं आधी माझा हात स्वतः धरून फिरवून बघितला. म्हणजे मी न्हाई हलवायचा, तिनं हलवायचा. तरी तो तितकाच गेला. ती म्हणाली, हात बांधून ठेवला होता का? मी झोळी दाखवली, पिशवीतच व्हती. बैलाचं सगळं सांगितलं. ती पोरगी आधी हसली, मंग म्हणाली, मावशी, बैलाचं तुमचं बरोबर आहे. त्याचं कातडं सोललेलं असतंय, ते भरायला इसावाच पाहिजे. तुमचं कातड्याचं नाही की. खांद्याच्या सांध्यावर आतून एक पातळ पिशवी असती, झबल्यासारखी सैल, म्हणून तर हात चहूकडं फिरतो. ती आधी सुजती, तवा ठणकतं. मग आकसती आणि जाड होती, तवा दुखणं कमी होतंय पण हात अडकतोय. तुम्ही दुखणं कमी झालं म्हणून खूश झालाव, आणि तिकडं झबलं आटत होतं.

मला काय आठवलं सांगू? बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा चामड्याचा पट्टा. वर्षभर खुंटीला टांगलेला, पोळ्याला काढला की लाकडागत कडक. तसाच वाकवला तर तडकतो. तो ऊन पाण्याच्या फडक्यात ठेवायचा, तेल द्यायचं, आन् थोडाथोडा वाकवत राहायचं, दोन दिसांत मऊ. मी तिला म्हणलं, असंच ना? ती म्हणाली, अगदी असंच, फक्त दोन दिवसांत नाही, वर्ष पण लागतं कधीकधी. मी म्हणलं, माझ्याकडं दोन म्हयने हायेत. तिनं कपाळाला हात लावला. बगा, तिचा हात कसा सटकन कपाळाला गेला, माझ्या तेवढंच डोक्यात आलं.

तिनं सांगितलं ते सोपं व्हतं. आधी दहा मिन्टं शेक. मंग डावा हात टेबलावर टेकवून कमरेत वाकायचं, उजवा हात दोरीला बांधल्यागत मोकळा सोडायचा, आन् पाळणा हलतो तसा हलू द्यायचा, पुढं-मागं, गोल. जोर लावायचा न्हाई, त्याच्या वजनानं झुलू द्यायचा. दुसरं, भितीपुढं उभं राहायचं आन् दोन बोटं भितीवर किड्यागत चालवत वर न्यायची, जिथं ओढ लागंल तिथं दहा आकडे थांबायचं, तशीच खाली आणायची. तिसरं, पाठीमागं पंचा धरायचा, वरच्या चांगल्या हातानं हळूहळू खालच्याला ओढायचं. दिसातनं चार-पाच वेळा. आन् तिनं मला येक मोजमाप दिलं ते तुमाला देते. व्यायामानंतर मंद दुखलं आन् तासाभरात थांबलं तर ठीक. चावल्यागत कळ आली, किंवा दुसऱ्या दिशी जास्तच ठणकलं, तर आपण चुकलो, कमी करायचं. आन् कुणाला हात ओढू द्यायचा न्हाई, म्हणाली, कुणी कितीही मोठा हाडवैद्य असला तरी.

आता आमचे मालक. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, रिटायर होऊन घरात माशा मारत व्हता, त्याला हे काम गावलं. ओट्याशेजारच्या भितीवर मी बोटं चालवायची आन् जिथं थांबतील तिथं ते स्टीलची पट्टी लावून पेन्सिलीनं रेघ मारायचे. आज चार मिलिमीटर वाढ. आज दोन. मी म्हणायची, माणूस हाय का पार्ट बनवताय? ते म्हणायचे, पार्ट असता तर येव्हाना रिजेक्ट केला असता. मी लबाडी करायची, टाचा उचलायची. त्यांच्या ध्यानात आलं तवा त्यांनी काय करावं? रोज माझ्या टाचांखाली येक-येक पोस्टकार्ड सरकवायचे आन् टोक धरून बसायचे. कार्ड सुटलं की म्हणायचे, टाच उचलली, रेघ रद्द. पस्तीस वर्सांच्या संसारात माझी लबाडी पकडायला ह्या माणसाला पोस्टकार्डं लागली.

वीस-पंचवीस दिस झाले, रेघा वर सरकत व्हत्या, पण माझ्या मनात कॅलेंडर पळत व्हतं. म्हणलं, येवढ्यानं येवढं, तर दणकून केलं तर केवढं? गोठ्यात आडवा पाइप हाय, म्हशीचं दावं बांधायचा. डाव्या हातानं उजवा उचलून मी त्या पाइपला कसाबसा अडकवला आन् पाय मोडून अंगाचा भार सोडला. ताई, आत काहीतरी फाटल्यागत झालं, डोळ्यांपुढं काजवे. मालक आरडा ऐकून धावत आले तर मी शेणात बसलेली आन् म्हैस माझ्याकडं बघतेय, की हिला काय झालं, मी तर रोज इथं बांधून घेते. आठ दिस हात हलला न्हाई. त्या लातूरच्या पोरीनं मला असं झापलं, असं झापलं, म्हणाली मावशी, तुम्ही आधी बैल झालाव, आता काय वटवाघूळ व्हायलाव? रेघा तीन बोटं खाली आल्या. मालकांनी वरच्या रेघा पुसल्या न्हाईत, तेवढं केलं. म्हणले, तिथवर गेली व्हतीस ना, वाट ठावूक हाय तुला.

मंग मी सरळ आले. दिसातनं पाच वेळा, कुकरची शिट्टी व्हईतो पाळणा, दूध तापंस्तवर भिंत. साखरेची गोळी, सकाळचं चालणं. घाई न्हाई. हे घाई न करणं माझ्या सगळ्या जन्मात मला तवाच जमलं, आन् तेपण भीतीनं. कारण रोज सांजेला मी त्या घासलेल्या बंबाकडं बघायची आन् वाटायचं, ह्यातलं पाणी चिंचवडला थोडंच जाणार हाय.

नववा लागला आन् पयल्याच रविवारी गाडी दारात. विहीणबाई उतरल्या, हातात पुडी, त्यात गजरा. चहापण घेतला न्हाई बाईनं. मी पाट मांडून ठेवला व्हता, म्हणलं बस वैशू, अवघडली असशील. विहीणबाई म्हणाल्या, तिला उभंच राहू दे, डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केलेली नाही. माझी लेक माझ्याहून टीचभर उंच, तिच्या बापावर गेलीय. माझा हात त्या दिसात कसाबसा खांद्याच्या रेषेपतूर यायचा, तोपण टेकू असला तर.

मी वैशूच्या मागं उभी राहिले. तिनं वेणी घातली व्हती त्या दिशी, अंबाडा न्हवता. मी गजरा बोटांत धरला आन् तिच्या कमरेपाशी दोन बोटं टेकवली. आन् भितीवर चालवते तशी चालवली. कमरेवरनं पाठीवर, पाठीवरनं वर. वैशू गुदगुल्यांनी हलायला लागली, मी म्हणलं हलू नगंस, भिंत हायस तू. पाठीच्या मध्यावर ओढ लागली, थांबले, दहा आकडे मोजले. मालक दारात उभे, ओठांनी माझ्यासंगट मोजत. मंग अजून दोन बोटं, अजून येक. वेणीचा वरचा पेड बोटाला लागला. गजरा अडकवला. वाकडा, लोंबता, पण उजव्या हातानं.

विहीणबाई मागं येऊन बघायला लागल्या. मला वाटलं, आता म्हणतील की मानेच्या वर न्हाई गेला. मी आधीच म्हणलं, केसात म्हणाला व्हता तुमी, वेणी केसांचीच हाय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मंग स्वतःच्या हातानं तो गजरा नीट सरळ केला आन् म्हणाल्या, पास. पण काठावर. आता चहा टाका, माझं डोकं चढलंय. आन् गाडीतनं वैशूची बॅग काढायला जावयाला हाक मारली.

पुढचं थोडं हाय. पोरगा झाला. पाचव्या दिशी घरी आणला आन् नाळ पडल्यावर पयली अंघोळ. मी पाय पसरून पाटावर बसले, बाळ नडग्यांवर पालथं. तेल लावलं, पाठ चोळली, डाळीचं पीठ लावलं, पाणी डाव्या हातानं घालत व्हते, उजवा नुसता त्याच्याखाली आधाराला. सगळं ठीक चाललं. पण त्याला उलटा करून उचलायचं आलं तवा खांद्यात अशी कळ गेली की माझा जीवच गेला. हात न्हाई सोडला. तोंडातनं ब्र न्हाई काढला. पदर तोंडात धरला, दात आवळले, बाळाला पंच्यात गुंडाळलं आन् बाजेवर बसलेल्या वैशूच्या मांडीत दिलं. मला वाटलं, कुणाला कळलं न्हाई.

आता तो नातू सहावीत हाय, माझ्या डोक्याच्या वर जातो. खांदा पुरता सुटायला दीड वर्स लागलं, आन् सुटलेल्या खांद्याचापण अजून चार बोटं हिशेब डाव्याहून कमीच, पण फळीवरचा डबा मी काढते, केस मी विंचरते. भिंत अजून चालते रोज येकदा, रंगारी रेघांवर रंग द्यायला आला तवा मालक त्याच्याशी भांडले. तुमी सोमवारी जावा ताई, त्या पोरीचा नंबर देते, ती आता मोठी डॉक्टरीण झालीय. तुमचं माझ्यासारखंच असंल असं न्हाई, मानेचं असंल, दुसरं काय असंल, ते तिला ठरवू द्या, मला न्हाई, मी बैलाची डॉक्टर. तुमचे हात सुखी राहू द्या, अजून लई काय काय उचलायचंय त्यांना. आन् त्या दिशी बाळ मांडीत घेतल्यावर वैशू माझ्याकडं बघून काय म्हणाली, ते येक शब्द न बदलता लिहा, म्हणजे झालं. ती म्हणाली, आई, गेल्या सोमवारी मी अख्खा दवाखाना ओरडून डोक्यावर घेतला, तेव्हा तूच माझी पाठ चोळत म्हणत होतीस ना, ओरड पोरी, लाजू नगंस? मग उद्यापासून तूपण ओरडायचं. पदर चावायचा नाही.